नागपूरहून वाफेच्या आगगाडीच्या सहलीला: निवड, आरक्षण आणि तयारी

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा डिसेंबर 1995 मध्ये संपली. त्यानंतर वाफेवर चालणाऱ्या गाडीत बसण्याची संधी काही मोजक्या वारसा मार्गांपुरती उरली. त्यांतही सामान्य प्रवाशाने घरबसल्या तिकीट काढावे आणि ठरलेल्या दिवशी जाऊन बसावे, असा भरवसा देणारी ठिकाणे दोनच आहेत. एक निलगिरी पर्वतीय रेल्वेचा मेट्टुपालयम ते कुन्नूर हा टप्पा आणि दुसरे दार्जिलिंग ते घूम ही फेरी. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे ही दोन्ही ठिकाणे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर पडतात, मात्र दोन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते. सहल ठरवण्यापासून गाडीतून उतरेपर्यंत काय, कोणत्या क्रमाने आणि का करावे, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह नोंदवतो. अशा सहलीत आधी इंजिन निवडावे आणि थंड हवेचे ठिकाण त्यामागून येऊ द्यावे. बहुतेक कुटुंबे उलट क्रमाने जातात. आधी उटी किंवा दार्जिलिंग ठरते, हॉटेल ठरते, आणि 'तिथे ती छोटी गाडीही करून घेऊ' असे म्हणत मिळेल ते तिकीट काढले जाते. मग प्रत्यक्ष गाडी समोर येते तेव्हा तिला डिझेल इंजिन जोडलेले दिसते. डबे तेच असतात, डोंगरही तोच असतो, पण ज्यासाठी एवढा लांबचा प्रवास केला ती वाफ तिथे नसते.

कोणती गाडी वाफेची, कोणती नाही

निलगिरी पर्वतीय रेल्वे मेट्टुपालयमपासून उदगमंडलम म्हणजे उटीपर्यंत सुमारे 46 किलोमीटर धावते. मार्ग कुन्नूरपर्यंत 1899 मध्ये सुरू झाला आणि 1908 मध्ये उटीला पोहोचला. या अंतरात गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे 326 मीटरवरून 2,203 मीटरपर्यंत चढते. वाफेचे इंजिन मात्र फक्त मेट्टुपालयम ते कुन्नूर या खालच्या भागात असते. कुन्नूरला इंजिन बदलते आणि तिथून उटीपर्यंत डिझेल इंजिन गाडी नेते. उटीला मुक्काम करून उटी–कुन्नूर अशी छोटी फेरी करणाऱ्यांना म्हणूनच वाफेचा प्रवास घडत नाही. त्या टप्प्यावरची चहाची शिवारे आणि निलगिरीच्या झाडांच्या राया सुंदर आहेत यात शंका नाही, पण आपला हेतू वाफेचा असेल तर तिकीट मेट्टुपालयमपासूनच घ्यावे.

दार्जिलिंग हिमालयन रेल्वे 1879 ते 1881 या काळात बांधली गेली. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग हा तिचा पूर्ण मार्ग सुमारे 88 किलोमीटरचा आहे. या पूर्ण मार्गावरची रोजची गाडी डिझेल इंजिनावर चालते आणि तिला जवळपास संपूर्ण दिवस लागतो. वाफेचे इंजिन मिळते ते दार्जिलिंगहून घूमपर्यंत जाऊन परत येणाऱ्या फेरीत, जिला तिथे 'जॉयराइड' म्हणतात. तीही दोन प्रकारची असते, वाफेची आणि डिझेलची. दोन्हींच्या वेळा वेगळ्या, भाडी वेगळी, आणि वाफेचे भाडे जास्त. तिकीट काढताना गाडीच्या नावाजवळ वाफेचा उल्लेख आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

कालका–सिमला रेल्वेचा विचार अनेकांच्या मनात येतो. 1903 मध्ये सुरू झालेला हा सुमारे 96 किलोमीटरचा मार्ग 762 मिलिमीटर गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) आहे, म्हणजे आपल्या नागपूरच्या जुन्या छोट्या लाइनचेच माप. तिथे वाफेचे इंजिन आहे, पण ते मुख्यतः आगाऊ ठरवलेल्या विशेष फेऱ्यांसाठी काढले जाते. त्यामुळे चार-पाच जणांच्या कुटुंबाने त्याच्या भरवशावर बेत आखू नये. माथेरानच्या गाडीवरही आता डिझेल इंजिने आहेत. दिल्लीला कामानिमित्त जाणाऱ्यांनी हरियाणातील रेवाडीचे वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय मात्र चुकवू नये. 1893 मध्ये बांधलेल्या त्या शेडमध्ये चालू स्थितीतली मोठी ब्रॉडगेज इंजिने पाहायला मिळतात, आणि ती छोट्या इंजिनांपेक्षा किती निराळी असतात, हे शेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

दोन मुख्य पर्यायांत कोणता निवडावा, असे विचारले तर पहिल्या खेपेला निलगिरीच घ्यावी, असे माझे मत आहे. तिथे वाफेवरचा प्रवास सलग कित्येक तासांचा आहे, तिकीट तुलनेने स्वस्त आहे आणि इंजिनाची करामत देशात इतरत्र कुठेही पाहायला मिळत नाही. दार्जिलिंगची फेरी सुमारे दोन तासांची आहे, पण ती बाजारातून, घरांच्या ओट्यांना खेटून जाते आणि हवा निवळली असेल तर समोर कांचनजंगा दिसते. लहान मुले किंवा गुडघेदुखीने त्रासलेली वडीलधारी मंडळी बरोबर असतील आणि पाच तासांची बैठक त्यांना झेपणार नसेल, तर दार्जिलिंग अधिक सोयीचे ठरते.

महिना ठरवणे

आपल्याकडे सहली दोनच वेळा निघतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत. या दोन्ही वेळा निलगिरीसाठी अडचणीच्या आहेत. मे महिन्यात उटीला सर्वाधिक गर्दी असते. दिवाळीच्या सुमारास तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू असतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये कल्लार ते कुन्नूर या चढावर दरडी कोसळून किंवा झाडे पडून गाडी रद्द होण्याचे प्रसंग वारंवार येतात. नागपूरकर साहजिकच आपल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हिशेब धरतो आणि 'पावसाळा तर सप्टेंबरातच संपला' असे समजून नोव्हेंबरची तिकिटे काढतो. त्या डोंगराचा पाऊस मात्र तेव्हाच भरात असतो. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा निलगिरीसाठी उत्तम काळ आहे. शाळकरी मुलांमुळे तेव्हा निघणे शक्य नसेल, तर वार्षिक परीक्षा संपताच एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जावे.

दार्जिलिंगचे गणित याच्या उलट आहे. जून ते सप्टेंबर तिथे मुसळधार पाऊस, दाट धुके आणि दरडी असतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत आकाश स्वच्छ असते आणि हिमशिखरे सर्वांत स्पष्ट दिसतात. म्हणून दिवाळीची सुट्टी दार्जिलिंगला द्यावी. फक्त दुर्गापूजेच्या दिवसांत बंगालमधील पर्यटकांची प्रचंड गर्दी तिथे लोटते, तो आठवडा टाळावा.

आरक्षणाचा क्रम

रेल्वेचे आगाऊ आरक्षण सध्या प्रवासाच्या 60 दिवस आधी, प्रवासाचा दिवस वगळून, सकाळी 8 वाजता खुले होते. निलगिरीचे तिकीट आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर नेहमीच्या गाडीसारखेच निघते. सुरुवातीचे स्थानक मेट्टुपालयम आणि शेवटचे उदगमंडलम निवडावे. 'उटी' या नावाने शोधताना अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून पूर्ण नाव लक्षात ठेवावे. फक्त कुन्नूरपर्यंतचे तिकीट घेतले तरी वाफेचा सगळा भाग पदरात पडतो, पण उटीला मुक्काम असेल तर अर्थातच शेवटपर्यंतचे घ्यावे.

इथे नागपूरच्या प्रवाशाने एक गोष्ट कागदावर मांडून घेणे आवश्यक आहे. निलगिरीची डोंगरातली गाडी ज्या दिवशी पकडायची, त्याच्या दोन दिवस आधी आपल्याला नागपूर सोडावे लागते. साहजिकच नागपूरहून सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण डोंगरातल्या गाडीच्या आरक्षणापेक्षा दोन दिवस आधी खुले होते, आणि खरी दुर्मीळ असलेली जागा मिळाली की नाही हे कळण्यापूर्वीच लांबच्या प्रवासाची तिकिटे काढावी लागतात. यावर उपाय असा की लांबच्या गाडीची तिकिटे पहिल्याच सकाळी काढून ठेवावीत, तिसऱ्या सकाळी बरोबर आठला डोंगरातल्या गाडीसाठी बसावे, आणि जागा मिळाली नाही तर लगेच पुढच्या एक-दोन दिवसांच्या गाड्या पाहाव्यात. त्यासाठी सहलीत एक दिवस आधीपासूनच मोकळा ठेवावा. हॉटेलचे पैसे मात्र डोंगरातली जागा निश्चित झाल्यावरच भरावेत. सगळेच फिसकटले तरी प्रवासाच्या बरेच दिवस आधी निश्चित तिकीट रद्द केल्यास वर्गानुसार ठरलेली मर्यादित रक्कमच कापली जाते, त्यामुळे हा धोका पत्करण्याजोगा आहे.

प्रतीक्षायादीतले तिकीट या गाड्यांसाठी घेऊ नये. डबे तीन-चार, जागा मोजक्या आणि येणारे सगळे सहलीसाठीच आलेले, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीत जशी प्रतीक्षायादी भराभर पुढे सरकते तशी ती इथे सरकत नाही. चढणीची तिकिटे संपली असतील तर उटीहून खाली येणाऱ्या गाडीची पाहावीत. कुन्नूरपासून खाली मेट्टुपालयमपर्यंत तीही वाफेच्या इंजिनावरच येते. उतरताना इंजिनाचे मुख्य काम गाडी आवरून धरण्याचे असल्यामुळे आवाज आणि धूर दोन्ही कमी असतात. चढण उतरणीपेक्षा शतपटीने सरस आहे, पण काहीच न मिळण्यापेक्षा उतरण केव्हाही घ्यावी.

नागपूरहून तिथवर

मेट्टुपालयमसाठी दोन सोयीचे मार्ग आहेत. पहिला चेन्नईमार्गे. तमिळनाडू एक्स्प्रेस किंवा ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने नागपूरहून निघाल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रलला पोहोचता येते. तिथूनच रात्री निलगिरी एक्स्प्रेस सुटते आणि पहाटे मेट्टुपालयमला पोहोचते. डोंगरातली गाडी तिच्या वेळेशी जुळवून सातच्या सुमारास निघते, आणि दोन्ही एकाच स्थानकात उभ्या असतात. चेन्नईत दिवसभराचा वेळ मिळतो, तो आधीच्या गाडीच्या उशिराला सामावून घेतो, आणि हाच या मार्गाचा मोठा फायदा आहे. दुसरा मार्ग केरळ एक्स्प्रेसने थेट कोइमतूरचा. तिथून मेट्टुपालयम सुमारे 35 किलोमीटरवर आहे. या मार्गाने गेल्यास आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच मुक्काम करावा, म्हणजे सकाळी धावपळ होत नाही आणि इंजिन शेडमधून बाहेर येऊन गाडीला जोडले जाताना पाहता येते.

दार्जिलिंगसाठी हावडा मार्ग धरावा. गीतांजली एक्स्प्रेस किंवा मुंबई–हावडा मेलने साधारण सतरा ते वीस तासांत हावडा येते. तिथून हुगळी ओलांडून सियालदाहला जावे आणि रात्रीच्या दार्जिलिंग मेलने किंवा पदातिक एक्स्प्रेसने सकाळी न्यू जलपाईगुडीला उतरावे. पुढे दार्जिलिंगपर्यंतचा रस्ता जीपने तीन ते चार तासांचा आहे. वाफेची फेरी त्याच दिवशी ठेवू नये, दुसऱ्या दिवशीची घ्यावी. विमानाने जायचे असल्यास कोलकात्यामार्गे बागडोगरा गाठता येते.

निघण्यापूर्वी एक सकाळ मोतीबागेत

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत तोच सर्वांत मोलाचा आहे. कामठी रोडवर कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचे हे संग्रहालय 14 डिसेंबर 2002 रोजी सुरू झाले. मेट्रोच्या कडबी चौक स्थानकावर उतरून तिथे जाता येते. वेळा आणि साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी.

विदर्भाला छोटी गाडी परकी नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरच्या शकुंतलेला 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत ओढत होते. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज गाडी नोव्हेंबर 2015 पर्यंत आणि नागपूर–नागभीड गाडी नोव्हेंबर 2019 पर्यंत धावली, अर्थात शेवटची अनेक वर्षे डिझेलवर. ज्यांच्या घरात या गाड्यांनी प्रवास केलेली आजी-आजोबांची पिढी आहे, त्यांनी तिला मोतीबागेत आवर्जून बरोबर न्यावे. वाफेच्या दिवसांत डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी, पाण्यासाठी थांबणारी गाडी, चढावर दमणारे इंजिन, हे सगळे मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळावे.

संग्रहालयातले इंजिन नुसते पाहून पुढे जाऊ नये. उभ्या असलेल्या इंजिनाचे भाग शांतपणे ओळखता येतात, चालत्या इंजिनाचे येत नाहीत. ड्रायव्हरच्या जागेसमोर भट्टीचे दार असते. तिथे कोळसा टाकला जातो. भट्टीतले तप्त वायू बॉयलरमधल्या अनेक नळ्यांतून पुढे जातात आणि नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ करतात. ही दाबाखालची वाफ बॉयलरच्या वरच्या भागात जमते, आणि ड्रायव्हरने दांडा ओढला की ती सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला आळीपाळीने पुढे-मागे ढकलते. दट्ट्याचा हा पुढे-मागे जाण्याचा वेग लांब दांड्यांमार्फत चाकांच्या फिरण्यात बदलतो. काम झालेली वाफ धुरांड्यातून जोराने वर फेकली जाते, आणि जाताना ती भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेते. त्यामुळे भट्टीत ताजी हवा खेचली जाते आणि आग आणखी भडकते. आपण जिला 'झुकझुक' म्हणतो तो या वाफेच्या फेकण्याचाच आवाज आहे. इंजिन जितके अधिक कष्ट करते तितकी जास्त वाफ बाहेर पडते आणि तितकी आग आपोआप तेज होते. दोनशे वर्षांपूर्वीची ही योजना इतकी नेटकी आहे की एकदा समजल्यावर पुढचा सगळा प्रवास कानांनी वाचता येतो.

मुलांना रुळांमधले अंतर मोजायला सांगावे. मोतीबागेत ते 762 मिलिमीटर भरेल. आपल्या मुख्य स्थानकातले ब्रॉडगेज 1,676, निलगिरीचे 1,000 आणि दार्जिलिंगचे अवघे 610 मिलिमीटर आहे. रूळ जितके जवळ तितकी वळणे आखूड घेता येतात, आणि डोंगराला फारसे भोगदे न पाडता त्याच्या अंगाअंगाने वर जाता येते.

सामान आणि कपडे

नागपूरहून 42 अंशांत निघताना गरम कपडे भरण्याची इच्छा होत नाही, पण उटीला एप्रिलमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो आणि दार्जिलिंगला नोव्हेंबरमध्ये कानटोपी, मोजे आणि जाड जाकीट लागते. दार्जिलिंगची इंजिने कोळशावर चालतात, म्हणून पांढरे किंवा फिकट कपडे त्या दिवशी घालू नयेत. खिडकीजवळ बसणाऱ्याने साधा चष्मा लावावा, कॉन्टॅक्ट लेन्स टाळाव्यात आणि ओला रुमाल हाताशी ठेवावा. निलगिरीची बरीच इंजिने तेलावर चालणारी असल्यामुळे तिथे कणी कमी उडते, पण भोगद्यात धूर डब्यात येतोच. दम्याचा त्रास असलेल्यांनी औषध हातातल्या पिशवीत ठेवावे आणि भोगदा येताच खिडकी लावून घ्यावी.

सामान मोजके घ्यावे. डबे अरुंद आहेत आणि मोठ्या बॅगांना जागा नाही. निलगिरीच्या डब्यांत स्वच्छतागृह नसते, हे मधुमेही आणि वयस्कर प्रवाशांना आधीच सांगून ठेवावे. गाडी वाटेत थांबते तेव्हा सोय होते, तरीही निघण्यापूर्वी स्थानकावर जाऊन यावे. खाण्यासाठी दशम्या, चिवडा, संत्री असे हात न माखणारे घ्यावे आणि पाणी भरपूर ठेवावे.

निलगिरीचा दिवस

निदान पाऊण तास आधी फलाटावर असावे. गाडी लागली की आपली जागा पाहून घ्यावी आणि लगेच इंजिनाकडे जावे. ते गाडीच्या पुढे नसून मागे, म्हणजे उताराच्या बाजूला असते, आणि डबे ओढण्याऐवजी ढकलत वर नेते. जोडणी सुटली तरी डबे इंजिनाला सोडून खाली घसरू नयेत, यासाठी ही दक्षता आहे. त्यामुळे पहिल्या डब्यात बसणाऱ्यांपुढे कोणताही आडोसा नसतो आणि समोरचा रूळ उलगडत जाताना दिसतो, तर शेवटच्या डब्यात बसणाऱ्यांना इंजिनाचा प्रत्येक श्वास ऐकू येतो. दोन्हींत निवड करता आली तर मी शेवटचा डबा घेईन, कारण दृश्य थांब्यावर उतरूनही पाहता येते.

मेट्टुपालयम ते कल्लार हा भाग सुपारीच्या बागांमधून जवळजवळ सपाट जातो. कल्लारला खरी चढण सुरू होते आणि इथेच रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या दिसू लागतात. इथला सर्वांत तीव्र चढ 12 मीटरला 1 मीटर असा आहे. एवढ्या चढावर गुळगुळीत चाके गुळगुळीत रुळावर घसरतील, म्हणून इंजिनाखालची दातेरी चाके या पट्ट्यांत अडकवून ते स्वतःला वर ढकलत नेते. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची ही पद्धत आहे. तिच्यात दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि एकीचा दात जिथे असतो तिथे दुसरीची खाच येते, त्यामुळे चाकाची पकड क्षणभरही सुटत नाही. भारतात दुसऱ्या कोणत्याही प्रवासी मार्गावर अशी योजना नाही.

स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे जन्मलेल्या या 'एक्स' वर्गाच्या इंजिनांना चार सिलिंडर असतात. सपाटीवर दोनच काम करतात आणि साध्या चाकांना फिरवतात. दातेरी भागात शिरल्यावर त्यांतून बाहेर पडणारी वाफ वाया न घालवता उरलेल्या दोन सिलिंडरांत नेली जाते आणि ती दातेरी चाके फिरवते. कल्लार सुटल्यावर एक-दोन मिनिटे बोलणे थांबवून कान द्यावा. आधीची एकसुरी झुकझुक बदलून दोन लयी एकमेकींत मिसळल्याचे स्पष्ट कळते. त्यानंतर ताशी सुमारे 13 किलोमीटर वेगाने, अनेक भोगदे आणि असंख्य पूल ओलांडत गाडी कुन्नूरकडे सरकते. अलीकडे यातली काही इंजिने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेत नव्याने बांधली गेली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा नमुना आपले कारागीर आजही हाताने घडवू शकतात, ही मला अतिशय अभिमानाची गोष्ट वाटते, आणि फलाटावर त्यांतले एखादे समोर आले तर त्याच्याकडे 'जुने नाही' म्हणून पाठ फिरवू नये.

हिलग्रोव्ह आणि रनीमेड येथे इंजिन पाणी घेते. हेच फोटो काढण्याचे, चहा घेण्याचे आणि पाय मोकळे करण्याचे थांबे. माकडांची झुंड ठरलेलीच असते, म्हणून खाण्याचे पदार्थ खिडकीत ठेवू नयेत आणि माकडांना काही देऊ नये. शिट्टी झाली की लगेच डब्यात यावे. रुळांवरून चालणे, पुलावर उभे राहणे किंवा चालत्या गाडीत दाराला लटकून चित्रण करणे गुन्हाही आहे आणि अरुंद भोगद्यांमुळे जिवावरचेही आहे. कुन्नूरला इंजिन सुटून शेडकडे जाते. तिथे थांबा पुरेसा असतो, त्यामुळे उतरून ते जवळून पाहावे.

दार्जिलिंगचा दिवस

शक्य तितक्या सकाळची फेरी निवडावी, कारण दुपारनंतर ढग शिखरे झाकतात. इथे दातेरी पट्टी नाही. 'बी' वर्गाची ही चार चाकांची इंजिने 1889 पासून पुढच्या काही दशकांत घडली आणि पाण्याची टाकी त्यांच्या बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली असते. चढावर चाके घसरू लागली की रुळांवर वाळू सोडली जाते. पूर्वापार पद्धतीत इंजिनाच्या पुढच्या फळीवर बसलेली माणसे हातानेच ती टाकत. ड्रायव्हर आणि फायरमनखेरीज कोळशाची ढेकळे फोडून देणारा माणूसही इंजिनावर असे. इंजिन एवढेसे, पण त्यावर राबणारे हात किती, हे पाहण्यासारखे आहे.

घूमकडे जाताना चढ आहे, म्हणून इंजिनाचे कष्ट जातानाच अनुभवावेत. वाटेत बतासियाला गाडी स्वतःच्याच रुळाभोवती पूर्ण वळसा घेते. हा वळसा 1919 मध्ये तीव्र चढ सुसह्य करण्यासाठी बांधला गेला. तिथे सुमारे दहा मिनिटे थांबा असतो, त्यात आधी कांचनजंगा पाहावी आणि मग गोरखा सैनिकांच्या स्मारकाशी जावे. 2,258 मीटर उंचीवरचे घूम हे देशातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे. तिथे छोटेसे संग्रहालय आहे आणि परतीपूर्वी ते पाहण्याइतका वेळ मिळतो. या मार्गाला युनेस्कोने 1999 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि 2005 मध्ये निलगिरीचा त्यात समावेश केला.

गाडी रद्द झाली तर

आदल्या संध्याकाळी गाडीची स्थिती तपासावी. रेल्वेने गाडी पूर्णपणे रद्द केली असेल तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, त्यासाठी स्थानकावर भांडण्याची गरज नसते. मेट्टुपालयमला ही वेळ आली तर बसने किंवा टॅक्सीने थेट कुन्नूर गाठावे. दरड बहुधा खालच्या भागात पडते आणि कुन्नूर–उटी गाड्या तेव्हाही चालू असू शकतात. मोकळा ठेवलेला दिवस इथेच उपयोगी पडतो. मार्ग दुरुस्त होऊन खाली येणारी गाडी सुरू झाली, तर परतताना कुन्नूरहून मेट्टुपालयमपर्यंतचा वाफेचा टप्पा पदरात पाडून घेता येतो. म्हणून परतीचे चेन्नईचे तिकीट त्याच दिवशीच्या रात्रीच्या निलगिरी एक्स्प्रेसचे काढावे. उतरणारी गाडी संध्याकाळी मेट्टुपालयमला पोहोचते आणि दोन्हींत पुरेसे अंतर राहते.